माइटोकॉन्ड्रियल मायोपथी "आईकडूनच येतो" म्हणतेत, हे खरंय का?

जिंतूरकर_बियाणेवाला
नमस्कार मंडळी. एरवी कापूस सोयाबीनच्या धाग्यावर मी उत्तरं देतो, आज मला विचारायचंय. पुतण्या सात वर्षाचा हाय माझा. पहिलीत जायच्या आधी चांगला पळायचा, मग हळूहळू जिन्यावर दम लागायला लागला, आता खाली बसला की मांडीवर हात टेकत टेकतच उठतंय लेकरू. डॉक्टरला आधी डिशेन, म्हणजे पोरांचे स्नायू झिजवणारा तो आजार वाटलं, ती टेस्ट नॉर्मल आली. मग हैदराबादला नेलं, मांडीच्या मांसाचा तुकडा काढून तपासला, त्यात रॅग्ड रेड फायबर का काय ते दिसले, आणि कागदावर लिहून दिलं माइटोकॉन्ड्रियल मायोपथी, स्नायूचा आजार म्हणे. जीन टेस्टला रक्त गेलंय, रिपोर्ट यायला टाईम हाय.

आता खरी गोष्ट. आमच्या आईनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं की हा आजार फक्त आईकडून येतो. झालं! तवापासून वहिनीला उठता बसता ऐकवायलीय की तुझ्याकडूनच आलं हे. वहिनी जेवंना झालीय. दादा गप. मला सांगा, हे खरंय का आणि ह्याच्यावर औषध निघालंय का कुठं? इंग्रजीत लई सापडायलंय पण टोटल लागंना.

लॅबमधला_नांदेडी
मालक, आधी वहिनींना जेवायला सांगा. "फक्त आईकडून" हे अर्धंच खरं आहे आणि तुमच्या केसमध्ये बहुतेक ते लागू पण होणार नाही.

मी हैदराबादला पीएचडी करतोय, डॉक्टर नाही, पण विषय जवळचा आहे म्हणून नीट लिहितो. शाळेत तंतुकणिका शिकलो ना आपण, पेशीला ऊर्जा बनवून देणारी, तेच हे माइटोकॉन्ड्रिया. त्यांच्याकडं स्वतःचा एक छोटा गोल डीएनए असतो. 1981 ला केंब्रिजच्या लोकांनी तो पूर्ण वाचला, 16,569 अक्षरं, 37 जीन, त्यातले फक्त 13 प्रोटीन बनवतात. हा डीएनए आईच्या अंड्यातून येतो, बापाच्या शुक्राणूतला आत टिकत नाही. व्हिडिओवाल्यानं इथपर्यंतच सांगितलं असणार.

पण माइटोकॉन्ड्रिया चालायला हजाराच्या वर प्रकारची प्रोटीन लागतात. ह्या 13 सोडून बाकी सगळ्यांचे जीन पेशीच्या केंद्रकात, म्हणजे आपल्या नेहमीच्या गुणसूत्रांवर, आणि ते अर्धे आईकडून अर्धे बापाकडून. तिथं बिघाड झाला तरी आजाराचं नाव हेच, बायोप्सीत रॅग्ड रेड फायबर, म्हणजे बिघडलेल्या माइटोकॉन्ड्रियांचे ढीग साचलेले लाल स्नायूतंतू, पण तेच दिसू शकतात. मोठ्या माणसांत गोल डीएनएचे बिघाड जास्त दिसतात, लहानपणी सुरू झालेल्या केसेसमध्ये बहुतेकदा केंद्रकातलाच जीन निघतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत कुणी कुणाला बोट दाखवू नये. एक विचारू का, दादा वहिनी नात्यातले आहेत का?

जिंतूरकर_बियाणेवाला
हो. वहिनी म्हणजे आमच्या सख्ख्या मामाची पोर. आमच्याकडं मामाची पोर करायची पद्धतच हाय की.

बीडचा_पैलवान
मराठवाड्यात निम्मी घरं तशीच आहेत मालक, त्यात लाजायचं काय. पण मग तुमची आई सुनेच्या माहेराला नावं ठेवायलीय म्हणजे स्वतःच्याच माहेराला नावं ठेवायलीय की राव 😄

लॅबमधला_नांदेडी
पैलवान हसण्यावारी बोलले पण मुद्दा तोच आहे, आणि त्याच्याही पुढं आहे.

समजा बिघाड गोल डीएनएमध्ये निघाला. तर तो वहिनीकडून, वहिनीला तिच्या आईकडून, म्हणजे तुमच्या मामीकडून. मामाचा संबंध नाही.

पण समजा केंद्रकातला रिसेसिव्ह जीन निघाला. तेव्हा लेकराला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाव्या लागतात, एक बापाकडून एक आईकडून. नात्यातल्या लग्नात बहुतेकदा ह्या दोन प्रती एकाच पूर्वजाच्या असतात. इथं दादा वहिनीचे सामाईक पूर्वज कोण? तुमच्या आईचे आई वडील. त्यांच्यातल्या एकाची बिघडलेली प्रत मामाला गेली, मामाकडून वहिनीला. तीच प्रत तुमच्या आईला गेली, आईकडून दादाला. म्हणजे तसं निघालं तर ज्या माऊली सुनेला बोलायल्या त्याही कॅरिअर, म्हणजे एकच बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या, असणार. कॅरिअरला स्वतःला काही होत नाही. दोष कुणाचाच नाही, आपल्या प्रत्येकाच्या अंगात अशा काही बिघडलेल्या प्रती असतातच, कळत नाही इतकंच.

जिंतूरकर_बियाणेवाला
हे वाचून गारच पडलो. आईला कसं सांगू आता.

उदगीरची_सून
तुम्ही नका सांगू, डॉक्टरला सांगायला लावा, आईला सोबत घेऊन जा पुढच्या वेळी. सासूला पोरानं सांगितलं तर सुनेनं शिकवलं म्हणतात, अनुभवाचे बोल आहेत 🙏

माझा पण प्रश्न घ्या नांदेडी दादा. माझ्या आईला शुगर, शिवाय पन्नाशीच्या आतच ऐकू येईना झालं. माझ्या भावाला झटके आले, एमआरआयमध्ये पॅरालिसिससारखं दिसलं, तपासणीत 3243 असं काहीतरी निघालं, मेलास म्हणाले. मला काहीच नाही, फक्त पटकन थकते, आणि ते तर दोन लेकरं सांभाळणारी कुठलीही बाई थकतेच की. एकाच आईची आम्ही, मग एवढा फरक कामून?

लॅबमधला_नांदेडी
ताई, तुमची केस खरी आईकडून येणारी आहे. 3243 हा गोल डीएनएवरचा बदल, 1990 मध्ये जपानी संशोधकांनी मेलासशी, म्हणजे झटके आणि पॅरालिसिससारखे ॲटॅक आणणाऱ्या आजाराशी, जोडला. शुगर आणि बहिरेपणा एकत्र हे त्याचंच दुसरं रूप.

एका पेशीत ह्या डीएनएच्या शेकडो हजारो प्रती असतात, आणि सगळ्या बिघडलेल्या नसतात, काही चांगल्या काही वाईट. वाईट प्रतींचं प्रमाण एका हद्दीच्या वर गेलं की मगच पेशी थकते, ती हद्द बदलाप्रमाणे आणि अवयवाप्रमाणे साधारण 60 ते 90 टक्के. आईच्या शरीरात अंडं तयार होताना ह्या प्रतींतल्या थोड्याच पुढं जातात. कीड लागलेल्या ज्वारीच्या पोत्यातून डोळे झाकून मूठभर दाणे काढले तर एका मुठीत किडके जास्त येतील, दुसऱ्या मुठीत दोन चारच, तसं. भावाची मूठ वेगळी आणि तुमची वेगळी.

तुम्ही टेस्ट केली असेल तर रक्तावर केली का लघवीवर? 3243 चं प्रमाण रक्तात वयाबरोबर घसरत जातं, त्यामुळं रक्त निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही, लघवीतल्या पेशींत जास्त नीट कळतं. आणि शुगर, कान, ईसीजी वर्षाला बघत चला. शुगर निघाली तर गोळी सुरू करताना 3243 चं डॉक्टरला सांगा, मेटफॉर्मिनबद्दल ते विचार करून ठरवतील कारण अंगात लॅक्टिक ॲसिड साचण्याचा प्रश्न असतो.

लातूरी_मास्तर
मी पेशंट आहे म्हणून लिहितो. वय 44, झेडपीचा शिक्षक. तिशीत पापण्या खाली यायला लागल्या, पोरं वर्गात म्हणायची सर झोपले. पहिल्या डॉक्टरनं मायस्थेनिया, म्हणजे स्नायू पटकन थकायचा दुसराच आजार, म्हणून गोळ्या दिल्या, दीड वर्ष खाल्ल्या, काडीचा फरक नाही. मग डोळे हलायचेच बंद होत आले, बाजूला बघायचं तर मान वळवावी लागते. शेवटी बायोप्सी झाली आणि सीपीईओ निघाला, म्हणजे डोळ्याचे आणि पापण्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा माइटोकॉन्ड्रियाचाच आजार. गोल डीएनएचा मोठा तुकडाच गायब, त्याला डिलीशन म्हणतात. 1988 ला लंडनमध्ये माणसाच्या स्नायूत पहिल्यांदा हेच सापडलं होतं आणि तिथूनच ह्या सगळ्या संशोधनाची गाडी सुरू झाली असं मला डॉक्टरांनी सांगितलं.

सांगायचं कारण वेगळं आहे. माझ्या पोरीचं जमत आलेलं स्थळ मोडलं, "बापाला आनुवंशिक आजार आहे" म्हणून. आता माझा रिपोर्ट स्वच्छ म्हणतो सिंगल डिलीशन. हे बहुतेकदा नव्यानंच होतं, आई बापाकडून आलेलं नसतं, आणि पुरुष तर गोल डीएनए पुढं देतच नाही. पोरीला काही म्हणजे काही होणार नाही. पण सोयऱ्यांना कोण समजावणार?

लॅबमधला_नांदेडी
मास्तर, तुमचं बरोबर आहे, फक्त बाकीच्या वाचकांसाठी एक जोडतो. रिपोर्टमध्ये "मल्टिपल डिलीशन" असेल तर गोष्ट उलटी होते. तिथं मूळ बिघाड केंद्रकातल्या जीनमध्ये असतो, उदाहरणार्थ पीओएलजी, जो गोल डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम बनवतो, आणि तो बापाकडूनही पोरांना जाऊ शकतो. डोळे तसेच, पापण्या तशाच, पण पुढच्या पिढीचा हिशेब वेगळा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आजाराचं नाव विचारू नका, जीन विचारा.

आणि मास्तर ईसीजी चुकवू नका. डिलीशनमध्ये काहींच्या हृदयातलं करंट नेणारं काम बिघडतं, पेसमेकर वेळेत बसला तर जीव वाचतो.

लातूरी_मास्तर
दरवर्षी काढतो. पापण्यांसाठी चष्म्याला आतून तारेचा आधार बसवून घेतलाय, पोरं आता झोपले म्हणत नाहीत 😀

आयुष्यमान_भव
आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, नाडी बघून मांसधातू दुरुस्त करतात, तीन महिन्यांचा कोर्स, डिशेनवाले पण चालायला लागलेत. इच्छुकांनी व्यक्तिगत संदेश करावा.

बीडचा_पैलवान
डिशेनवाले चालायला लागले असते तर तुमचे वैद्य पेपरात आले असते साहेब. जाहिरात दुसऱ्या धाग्यावर.

फिजिओ_जालना
औषधाचं नांदेडी सांगतील, मी व्यायामाचं सांगते कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. स्नायूचा आजार म्हटलं की घरचे लेकराला उचलून फिरवतात, शाळेत पीटी बंद, खेळ बंद. ह्या आजारात पडून राहिलं की अजून वाईट होतं. डॅलस आणि कोपनहेगन इथं पेशंटला सायकलवर हळूहळू वाढवत व्यायाम दिला गेला, त्यांची दमाची क्षमता वाढली, आणि त्यानं नुकसान झालेलं दिसलं नाही. व्यायामानं स्नायू नवीन माइटोकॉन्ड्रिया बनवतो, अर्धवट बिघडलेले का असेना संख्या वाढते. पण पैलवानांसारख्या जोर बैठका नाहीत हं, बोलता बोलता करता येईल इतपतच, आणि सुरू करायच्या आधी हृदय तपासून.

दुसरं म्हणजे उपास. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, ह्या पेशंटला लांब उपाशी ठेवू नका. ताप, उलटी, जुलाब असले तर वाट बघत बसायचं नाही, सलाईनला न्यायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी उन्हात तर अजिबातच नको.

परळी_एक्सप्रेस
कोक्यूटेन आणि व्हिटॅमिनचं कॉकटेल देतेत ना सगळे? माझ्या चुलत भावाला महिन्याला पाच सहा हजाराच्या गोळ्या चालू आहेत, गुण कळंना.

लॅबमधला_नांदेडी
ह्याचं उत्तर कडू आहे. 2012 मध्ये कॉक्रेन ह्या औषधांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं तोपर्यंतच्या सगळ्या ट्रायल एकत्र तपासल्या, एकाही उपचाराचा स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. कोक्यूटेन, म्हणजे माइटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला लागणारा पदार्थ, सहसा अपाय करत नाही म्हणून डॉक्टर देतात. पण अपवाद आहेत आणि ते अपवाद फार मोलाचे आहेत. शरीरात कोक्यूटेन बनवणाराच जीन बिघडला असेल तर तीच गोळी खरं औषध ठरते, जितकी लवकर तितकी बरी. ईटीएफडीएच नावाच्या जीनच्या आजारात साधी बी टू म्हणजे रायबोफ्लेविन जास्त डोसमध्ये दिली की अंथरुणावरचा माणूस उठून चालायला लागल्याच्या केसेस आहेत. स्वस्तातली गोळी! पण जीन माहीत नसेल तर कुणाला द्यायची हे कळणार कसं. भावाची जीन टेस्ट झालीय का?

बियाणेवाले मालक, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं, औषध निघालंय का. लहान वय, मांड्या खांदे कमजोर, बायोप्सी अशी, आई बाप नात्यात, ह्यात डॉक्टर ज्या जीनचा विचार नक्की करतील त्यातला एक टीके2. निघेलच असं मी म्हणत नाही. गोल डीएनएच्या कॉपी काढायला जो कच्चा माल लागतो तो तयार करणारं हे एन्झाइम. ते नसलं की प्रती घटत जातात आणि स्नायूची ऊर्जा संपते. 2001 मध्ये हा जीन आजाराशी जोडला गेला. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिचिओ हिरानो यांच्या गटानं असाच बिघाड असलेले उंदीर बनवले आणि कमी पडणारा माल बाहेरून तोंडावाटे दिला, उंदीर जास्त जगले. पुढं ट्रायलच्या बाहेर काही पेशंटला खास परवानगीनं देऊन पाहिलं, काही लेकरं पुन्हा चालू लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्याला मंजुरी दिली, डॉक्सेसिटीन आणि डॉक्स्रिबटिमिन, पावडर पाण्यात कालवून प्यायची. लक्षणं 12 वर्षं वयापर्यंत सुरू झालेल्या पेशंटसाठी. टीके2 साठी मंजूर झालेलं हे पहिलंच औषध.

पण दुसरी बाजू पण ऐका. इलामिप्रेटाइड म्हणून इंजेक्शन होतं, "कुठलीही माइटोकॉन्ड्रियल मायोपथी" अशी सगळी खिचडी करून ट्रायल घेतली, पेशंट सहा मिनिटांत किती चालतो ते मोजलं, फरक पडला नाही. तेच औषध नंतर सप्टेंबर 2025 मध्ये बार्थ सिंड्रोम ह्या एका जीनच्या आजारासाठी मंजूर झालं.

परळी_एक्सप्रेस
भावाची जीन टेस्ट नाही झालेली. उद्याच फोन करतो त्याला.

उदगीरची_सून
पेपरात "तीन आईबापांचं बाळ" आलं होतं ते काय? माझ्या भावजयीला चालेल का?

लॅबमधला_नांदेडी
भावजयीला गरज नाही ताई, भाऊ पुढं देतच नाही. गरज पडली तर ती बहिणींना. त्यात आईच्या अंड्यातलं केंद्रक काढून दुसऱ्या बाईच्या निरोगी माइटोकॉन्ड्रिया असलेल्या अंड्यात बसवतात. ब्रिटननं 2015 मध्ये कायदा केला, न्यूकॅसलच्या गटानं जुलै 2025 मध्ये आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं. टीके2 सारख्या केंद्रकातल्या जीनला ह्याचा काडीचा उपयोग नाही, बिघाड केंद्रकाबरोबर नवीन अंड्यात जाणार.

जीन एडिटिंगचं पण कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. क्रिस्पर ह्या जीन बदलायच्या तंत्राला जो आरएनए वाटाड्या लागतो तो माइटोकॉन्ड्रियात नीट शिरत नाही. 2020 मध्ये एका जिवाणूच्या विषापासून बनवलेलं आरएनएशिवाय चालणारं एडिटर आलं, ते अजून लॅबमध्येच आहे.

मेडिकलवाला_हिंगोली
औषधाच्या दुकानात बसतो म्हणून एक सांगतो. झटके असलेल्या माइटोकॉन्ड्रियल पेशंटला व्हॅलप्रोएट हे झटक्यांचं औषध कुणी लिहिलं तर आधी विचारा, पीओएलजीवाल्याला तर ते द्यायचंच नाही, लिव्हर जाऊ शकतं. आणि गोल डीएनएवर 1555 नावाचा एक बदल असतो त्यात जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतली की कान कायमचे जातात. आपल्याकडं ही इंजेक्शनं कशी धडाधड मारतेत ते सगळ्यांना माहितीये. घरात आईच्या बाजूनं कुणी इंजेक्शननंतर बहिरं झालेलं असेल तर डॉक्टरला जरूर सांगा. बाकी सगळ्याच औषधांना घाबरू नका, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2020 मध्ये यादी तपासून बरीचशी चालतात असंच सांगितलंय.

फिजिओ_जालना
आणि ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला आधी कागद दाखवा, दात काढायचा असला तरी.

जिंतूरकर_बियाणेवाला
सगळ्यांचे उपकार. पैशाचं कुठं विचारायचं, आणि ते औषध भारतात कसं मिळायचं?

लॅबमधला_नांदेडी
2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात ठरवून दिलेल्या केंद्रातून 50 लाखांपर्यंत मदत होऊ शकते, पण आजार त्यांच्या यादीत बसावा लागतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांना जीन सांगूनच विचारा. मुंबईचं केईएम आणि हैदराबादचं सीडीएफडी, निम्ससोबत, ही दोन आपल्याला जवळची. परभणीहून देवगिरी थेट सिकंदराबादला जाते. बाहेरचं औषध स्वतःच्या पेशंटपुरतं आणायला फॉर्म 12 ए भरून परवाना मिळतो, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. किंमत मात्र सोसणारी नाही, ते आधीच सांगून ठेवतो. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करून टाका, त्याला जीन रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

जिंतूरकर_बियाणेवाला
एक गोष्ट लिहू का नको असं होत होतं. वहिनीची धाकटी बहीण माझ्यासाठी बघितलेली हाय. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा ठरला होता, आई आणि मामा दोघांचं कधीचंच ठरलेलं. पोरगी पण चांगली हाय, मला पसंत हाय. आता काय करू?

बीडचा_पैलवान
घ्या!

लॅबमधला_नांदेडी
लग्न मोडायची घाई करू नका, करायची पण करू नका. रिपोर्टमध्ये रिसेसिव्ह जीन निघाला आणि तो मी म्हटलं तसा आजोळच्या घराण्यातून आलेला असला तर हिशेब असा. तुम्ही कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी, तिची पण निम्मी. दोघंही असण्याची चारात एक. दोघंही निघालात तरच प्रत्येक लेकराला चारात एक धोका. म्हणजे आज काहीच माहीत नसताना सोळात एक. एकदा दादाच्या लेकराचा नेमका बदल कळला की तुमची आणि तिची टेस्ट फक्त त्या एका जागेची, सोपी आणि लेकराच्या मोठ्या टेस्टपेक्षा बरीच स्वस्त. दोघांतलं एक जरी कॅरिअर नसलं तर ह्या आजाराचा प्रश्न मिटला. दोघंही असाल तर गरोदरपणात तपासणी करता येते, ते पुढं जेनेटिक काउन्सेलर सांगतील. आणि बिघाड गोल डीएनएचा निघाला तर प्रश्न तिचा, तो तिला मामीकडून, तेव्हा तिची वेगळी तपासणी.

उदगीरची_सून
आणि तिला विचारा आधी. टेस्ट तिची पण आहे.

जिंतूरकर_बियाणेवाला
विचारलं. फोनवरच सगळं सांगितलं, तुमच्या पोस्टी वाचून दाखवल्या. ती म्हणली ताईचे हाल बघायलेय मी, टेस्ट करू, दोघं मिळून जाऊ. मामाला अजून सांगितलेलं नाही. आई रिपोर्टच्या दिवशी हैदराबादला सोबत येतो म्हणलीय, कामून ते तिला अजून माहीत नाही, मी म्हणलो डॉक्टरनं बोलवलंय. वहिनी काल दोन भाकरी जेवली.

नांदेडी दादा, दादा वहिनी दोघांचं पण रक्त द्यावं लागतं का? लॅबवाले फक्त लेकराचं घेऊन गेले.

लॅबमधला_नांदेडी
तिघांचं असलेलं बरं. लेकराचे दोन बदल एक आईकडून एक बापाकडून आलेत हे त्याशिवाय पक्कं होत नाही. लॅबला आजच फोन करा, ट्रायोसाठी नमुने पाठवतो म्हणून सांगा, आणि बायोप्सीचा उरलेला तुकडा हॉस्पिटलनं फ्रीझरमध्ये ठेवलाय का विचारा. गोल डीएनएचं डिलीशन आणि प्रतींची संख्या रक्तात कळत नाही बऱ्याचदा, स्नायूतच बघावी लागते.

जिंतूरकर_बियाणेवाला
तुकडा ठेवलाय म्हणले. रक्त उद्या सकाळी. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.